क्लबमधल्या माजी सैनिकांचा सत्कार : आधी नोंद, मग शाल

ऑगस्ट लागला की कुठल्या ना कुठल्या क्लबच्या सचिवांचा फोन येतोच. "आपल्याकडे तीन-चार माजी सैनिक सभासद आहेत, पंधरा तारखेला सत्कार ठेवलाय. सन्मानपत्राचा मजकूर देता का?" नावं विचारली तर हुद्दा माहीत नसतो. हुद्दा सांगितला तर सेनादल चुकलेलं असतं. आणि ज्यांचा सत्कार करायचा त्यांना अजून कोणी विचारलेलंच नसतं.

अशी एक चूक मीही केली आहे. ईएमईमधून, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदाच्या कोटावर 'ऑपरेशन विजय पदक' होतं. ते पाहून मी सन्मानपत्रावर 'कारगिलचे वीर योद्धे' असं छापून मोकळा झालो. हवालदारसाहेबांनी मंचावर सन्मानपत्र घेतलं, वाचलं आणि शांतपणे परत माझ्या हातात दिलं. "त्या वेळी मी राजस्थानात वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करत होतो. हे माझं नाही." समोर दीडशे माणसं बसली होती.

तेव्हापासून मी पुढचा क्रम सोडत नाही. रोटरी असो, लायन्स असो, जायंट्स असो की गावातलं एखादं सेवा मंडळ, काम सारखंच आहे. हाताशी सहा आठवडे ठेवा. यातले चार आठवडे माहिती गोळा करण्यातच जातात.

## टप्पा १ : यादीत कोण, हे आधी ठरवा

बहुतेक क्लब आठवणीवर यादी करतात. मग जे सतत बोलतात ते यादीत येतात आणि गप्प बसणारे राहून जातात. त्याऐवजी सर्व सभासदांना एकच साधा निरोप पाठवा : 'आपण कधी सैन्यदलात सेवा केली असेल तर कळवावं, मुदत कितीही कमी असली तरी चालेल.'

'मुदत कितीही कमी' हे शब्द गाळू नका. पाच-दहा वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक मुदतीची अधिकारी म्हणून सेवा) करून बाहेर पडलेले डॉक्टर आणि इंजिनिअर, १९६२ च्या युद्धानंतर इमर्जन्सी कमिशन (तातडीच्या भरतीतलं अधिकारीपद) घेतलेले आणि आज ऐंशी ओलांडलेले अधिकारी, नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेत जाणारे, अशी बरीच माणसं स्वतःला 'माजी सैनिक' म्हणवून घेत नाहीत. पेन्शन नसते, म्हणून त्यांना वाटतं आपला काय संबंध.

सगळ्यात जास्त वेळा सुटतात त्या महिला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या सिस्टर या कमिशन मिळालेल्या अधिकारी असतात. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे त्यांनाही असतात. क्लबमध्ये मात्र त्या 'अमक्यांच्या मिसेस' म्हणून बसलेल्या असतात, आणि सत्काराच्या दिवशी ओवाळायला आरतीचं ताट त्यांच्याच हातात दिलं जातं!

आता सीमारेषेवरची नावं. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं गृह मंत्रालयाखाली येतात. सरकारी व्याख्येत त्यांचे निवृत्त कर्मचारी 'माजी सैनिक' या शब्दात बसत नाहीत. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे, पण ते स्वतंत्र दल आहे. माझं मत असं की यांना वगळू नये, कार्यक्रमाचं नावच 'गणवेशातील सेवेचा सन्मान' ठेवावं आणि प्रत्येकाच्या दलाचं नाव अचूक लिहावं. बीएसएफच्या माणसाला 'आर्मीवाले' म्हटलेलं त्यालाही आवडत नाही आणि आर्मीवाल्यालाही.

तपासा : यादीतल्या प्रत्येक नावापुढे भूसेना, नौदल, वायुसेना, तटरक्षक दल किंवा सशस्त्र पोलीस दल यांपैकी एक शब्द आहे का? एखादी जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : घरी जाऊन विचारा

व्हॉट्सॲपवर 'आपला सत्कार करण्याचे ठरले आहे' असा मेसेज टाकणं म्हणजे विचारणं नव्हे, कळवणं झालं. दोघांनी घरी जावं. त्यांतला एक शक्यतो स्वतः माजी सैनिक असावा.

गेल्यावर तीन प्रश्न. सत्कार हवा आहे का? हवा असेल तर मंचावर, की जागेवरच? तुमच्याबद्दल काय सांगितलेलं चालेल आणि काय नको?

काहीजण सरळ नाही म्हणतात. कोणाचा सोबती गेलेला असतो, कोणाला तो काळ उकरायचा नसतो, कोणाला ज्या कामाचा पगार घेतला त्याचा सत्कार कसला असं वाटतं. एकदा 'नाही' ऐकलं की तिथेच थांबा. घरच्यांना मध्ये घालून गळ घालू नका. आणि कार्यक्रमात 'आमचे आणखी एक सभासद आहेत, पण ते आले नाहीत' असंही नको.

इशारा : "किती शत्रू मारले?" हा प्रश्न विचारू नका, मुलांनाही विचारू देऊ नका. कोणत्या चौकीवर होता, किती माणसं होती, अशा तपशिलांसाठीही मागे लागू नका. काही गोष्टी त्यांना निवृत्तीनंतरही बोलायच्या नसतात.

सभासदांपैकी किंवा त्यांच्या मुलांपैकी कोणी अजून सेवेत असेल तर त्यांना परस्पर मंचावर बसवू नका. जाहीर कार्यक्रमात येणं, भाषण करणं, गणवेश घालणं यासाठी त्यांना वरिष्ठांची परवानगी लागते. ती त्यांनी मागायची असते, आपण नाही. महिनाभर आधी सांगितलंत तरच ते जमतं.

## टप्पा ३ : माहिती लिहून घ्या, मग ती तपासा

खरी मेहनत इथे आहे. आमच्याकडे यासाठी एका पानाचा नमुना आहे. त्यात एवढंच :

1. नाव, जसं सन्मानपत्रावर हवं तसं, त्यांच्याच हस्ताक्षरात
2. सेनादल, आणि त्यातली रेजिमेंट, कोअर किंवा शाखा
3. भरतीचं किंवा कमिशनचं वर्ष
4. निवृत्तीचं वर्ष आणि तेव्हाचा हुद्दा
5. मानद हुद्दा मिळाला असल्यास तो
6. पदकं, त्यांच्या पूर्ण नावांसह
7. काय जाहीर करू नये

डिस्चार्ज बुकची (सेवा संपताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेची) किंवा पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स मागू नका. ओळखपत्राचा फोटोही नको. हे कागद ग्रुपवर फिरले की फसवणूक करणाऱ्यांच्या हाती लागतात. शंका असेल तर त्यांच्यासमोर बसून कागद पाहा, लिहून घ्या आणि तिथेच परत द्या.

हुद्दा. सैन्यात म्हणतात, माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. म्हणून 'निवृत्त' हा शब्द नावानंतर कंसात येतो : 'सुभेदार मेजर अमुक तमुक (निवृत्त)'. 'निवृत्त सुभेदार मेजर' किंवा 'माजी कर्नल' असं लिहू नये.

सरसकट सगळ्यांना 'जवान' म्हणण्याची सवय मोडा. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या श्रेणीतले असतात. त्यांना 'सुभेदारसाहेब' म्हणतात. नौदलातला नौसैनिक, वायुसेनेतला वायुसैनिक. वायुसेनेत सार्जंट, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर असे हुद्दे असतात. तिथे हवालदार नसतो. आणि एक हमखास घोटाळा : नौदलाचा कॅप्टन हा भूसेनेच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, भूसेनेच्या कॅप्टनच्या नाही. निवेदकाला हे माहीत नसेल तर तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला तो 'तरुणपणी कॅप्टन होते' असं म्हणून टाकतो.

'मानद कॅप्टन' आणि 'मानद लेफ्टनंट' हे हुद्दे निवडक ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांना प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जाहीर होतात. 'मानद' म्हणजे नावापुरता, असा अर्थ घेऊन तो गाळू नका, आणि 'मानद' हा शब्द खाऊन नुसतं 'कॅप्टन'ही लिहू नका. त्या एका शब्दामागे सारी नोकरी असते.

पदकं. छातीवरची रंगीत पट्ट्यांची रांग दिसली की आपण 'अनेक शौर्यपदकांनी सन्मानित' असं लिहून टाकतो. बहुतेक वेळा ते चूक असतं. त्या रांगेत साधारण चार प्रकार असतात.

शौर्य पुरस्कार वेगळे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र हे शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र हे शत्रूशी थेट सामना नसतानाच्या शौर्यासाठी. विशिष्ट सेवेची पदकं वेगळी : परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक. सेना पदक, नौसेना पदक आणि वायुसेना पदक शौर्यासाठीही मिळतं आणि उल्लेखनीय सेवेसाठीही, म्हणून कशासाठी मिळालं ते विचारूनच लिहा.

तिसरा प्रकार मोहिमेच्या पदकांचा. १९७१ च्या युद्धाचे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार वेगळे आणि संग्राम पदक वेगळं. कारगिलच्या वेळचा ऑपरेशन विजय स्टार वेगळा आणि ऑपरेशन विजय पदक वेगळं. स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्यांना, तर पदक त्याहून बऱ्याच मोठ्या भागात तैनात असलेल्यांना. मी घसरलो तो इथेच.

चौथा प्रकार दीर्घ सेवेचा आणि वर्धापनाचा. ९ वर्षं, २० वर्षं, ३० वर्षं सेवेची पदकं असतात. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची असतात. त्यांचाही मान आहे, पण ती शौर्यपदकं नव्हेत. वीस वर्षं घरापासून लांब राहून नेकीने काम केलं, हे तसंच सांगा. त्याला शौर्याचा मुलामा कशाला?

शौर्य पुरस्काराची खात्री केंद्र सरकारच्या 'गॅलंट्री अवॉर्ड्स' संकेतस्थळावर करता येते. बाकी शंकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथले कर्मचारी स्वतः बहुधा माजी सैनिकच असतात. फोनवर हुद्द्याचं मराठी लेखनही सांगतात.

तपासा : पूर्ण भरलेला नमुना टाईप करून सभासदाला परत दाखवा आणि त्यावर सही घ्या. छपाई या सहीनंतरच.

## टप्पा ४ : दिवस

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी टाळा. त्या दिवशी शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी सगळ्यांनाच माजी सैनिक हवा असतो. सत्तरीतला माणूस सकाळपासून चार ठिकाणी उभा राहून तुमच्याकडे पाचव्या जागी येतो.

१४ जानेवारी हा सशस्त्र सेना माजी सैनिक दिन. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी निवृत्त झाले. आपल्याकडे नेमकी संक्रांत असते, म्हणून त्याच आठवड्यातली नेहमीची सभा धरावी. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस निवडायचा असेल तर त्या युद्धांत जे गेले त्यांचं स्मरण आधी आणि सत्कार नंतर, हा क्रम पाळावा लागतो. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन हा सैनिकांच्या कल्याणासाठी निधी देण्याचा दिवस आहे. त्या दिवशी सत्कारापेक्षा क्लबने निधीची रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घ्यावी.

## टप्पा ५ : सन्मानपत्र

मजकूर साठ-सत्तर शब्दांत बसवा. 'रक्ताचे पाणी', 'प्राणांची बाजी', 'सिंहाची छाती' ही भाषा पूर्ण काढून टाका. माणूस कारकून असेल, स्वयंपाकी असेल, रेडिओ ऑपरेटर असेल. त्याचं खरं काम लिहा. आमच्याकडचा सगळ्यांना आवडलेला मजकूर असा होता :

'हवालदार (नाव) (निवृत्त), ईएमई. सेवा १९८१ ते २००५. वाळवंटात आणि बर्फात लष्कराची वाहनं चालू राहावीत म्हणून चोवीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर आपल्या क्लबच्या रुग्णवाहिकेची देखभाल तेच करतात.'

शेवटचं वाक्य पाहा. सत्कार क्लबच्या सभासदाचा आहे, म्हणून सैन्यातली सेवा आणि क्लबमधली सेवा दोन्ही आली पाहिजेत. असं शेवटचं वाक्य बहुतेक सन्मानपत्रांत नसतंच. हा हवालदार तोच, ज्यांनी आधीचं सन्मानपत्र मला परत दिलं होतं.

इशारा : सन्मानपत्रावर अशोकस्तंभाची राजमुद्रा छापू नका. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधन आहे. रेजिमेंटचं बोधचिन्हही इंटरनेटवरून उचलून छापू नका. पदकाच्या आकाराची ट्रॉफी किंवा रिबिनीचं खोटं पदक तर नकोच. खरी पदकं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या गळ्यात प्लास्टिकचं पदक घालताना मी पाहिलं आहे.

## टप्पा ६ : मंच आणि ध्वज

ध्वजसंहिता २००२ ची आहे आणि तिच्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत, पण मंचापुरते नियम थोडेच. काठीवरचा ध्वज वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डाव्या बाजूला. भिंतीवर लावायचा तर वक्त्याच्या मागे आणि त्याच्या डोक्यापेक्षा उंच. राष्ट्रध्वजाहून उंच किंवा त्याला खेटून दुसरा ध्वज नको. क्लबचा ध्वज आणि बॅनर खाली आणि लांब घ्या. टेबलावर, भाषणाच्या स्टँडवर ध्वज पांघरायचा नाही, फोटोचं अनावरण करायला तो पडदा म्हणून वापरायचा नाही. ध्वजावर काही लिहायचं नाही.

लहान मुलांना लष्करी गणवेश घालून स्वागताला उभं करण्याची हौस असते. ती नको. समोर खरा गणवेश घातलेली माणसं बसलेली असताना ते खेळण्यासारखं दिसतं. मोठ्या माणसाने लोकांची दिशाभूल होईल असा गणवेश घालणं तर गुन्हाच आहे.

मंचाला पायऱ्या असतील तर कठडा पाहा. गुडघे गेलेल्या माणसाला चार जणांनी उचलून वर नेण्यापेक्षा अध्यक्षांनी खाली उतरावं. तोफा, इंजिनं, विमानं यांच्याजवळ वर्षं काढलेल्यांना ऐकू कमी येतं. त्यांना स्पीकरच्या तोंडाशी नाही, पण निवेदक दिसेल असं बसवा. फटाके, कागदी तोफा, अचानक ढोल हे सगळं बंद. दचकून खुर्चीला घट्ट धरणारा माणूस एकदा पाहिला की पुन्हा कोणी फटाके आणत नाही.

## टप्पा ७ : कार्यक्रमाचा क्रम

पाऊण तास पुरे. क्रम असा ठेवा.

1. सत्कारमूर्ती आधी स्थानापन्न. पाहुण्यांची वाट पाहत त्यांना दारात उभं करू नका.
2. दिवंगतांचं स्मरण. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' (निरोपाची धून), मग मौन, मग 'राऊज' (मौन संपल्याची धून). ध्वनिमुद्रण लावणार असाल तर मौन संपल्यावर 'राऊज' वाजतं ना, हे आधी ऐकून पाहा. या वेळी टाळ्या नाहीत. माजी सैनिक टोपी नसताना काय करतात ते पाहून नक्कल करू नका; नागरिकांनी सावधान उभं राहायचं.
3. एकेकाचा सत्कार. निवेदक सन्मानपत्राचा मजकूर जसाच्या तसा वाचेल, पदरचं काही जोडणार नाही.
4. बोलू इच्छिणाऱ्यांना प्रत्येकी तीन मिनिटं, आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं.
5. अध्यक्षांचे दोन शब्द. खरोखर दोनच.
6. राष्ट्रगीत. पूर्ण, ५२ सेकंदांच्या आसपास, ध्वनिमुद्रणाऐवजी सगळ्यांनी म्हटलेलं.

सत्काराचा क्रम हुद्द्याने लावायचा की वयाने, यावर दर वर्षी वाद होतो. मी भरतीच्या वर्षाने लावतो. क्लबमध्ये सगळे सभासद सारखे, आणि आधी भरती झालेला पुढे हे कर्नललाही पटतं आणि नायकालाही.

राजकीय पाहुणा बोलवायचा असेल तर माजी सैनिकांना आधी विचारा. त्याचं भाषण पंचेचाळीस मिनिटं चाललं की सत्कारमूर्ती श्रोते होऊन बसतात. रोटरीवाल्यांसाठी एक गंमत : सभेत शिस्त पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला आपण 'सार्जंट-ॲट-आर्म्स' म्हणतो. वायुसेनेचा खरा सार्जंट समोर असेल तर त्या दिवशी तेवढं पद त्यालाच द्या. कार्यक्रम वेळेवर संपतो.

### दिवंगत सभासद आणि वीर कुटुंबं

सभासद वारले असतील तर पत्नीला किंवा मुलांना बोलवा, पण फोटोला हार घालायला लावून रडवू नका. पदकं आणलीच तर ती पेटीत, टेबलावर, समोर घरचं माणूस. फोटोसाठी ती दुसऱ्या कोणाच्या छातीवर लावायची नाहीत.

कर्तव्यावर वीरगती मिळालेल्यांसाठी 'शहीद' हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. लष्कराच्या मुख्यालयाने २०२२ मध्ये इंग्रजीतला त्याचा पर्याय टाळायला सांगितलं होतं. मराठीत 'वीरगती प्राप्त' आणि 'हुतात्मा' हे शब्द आहेतच. पत्नीला 'वीरपत्नी' किंवा 'वीरनारी', आई-वडिलांना 'वीरमाता' आणि 'वीरपिता' म्हणावं; 'विधवा' हा शब्द निवेदनात येऊ देऊ नका. नावाचं लेखन दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावरच्या नावाशी ताडून घ्या.

तपासा : आदल्या दिवशी निवेदकाकडून सगळी नावं आणि हुद्दे मोठ्याने वाचून घ्या. 'नायक' म्हणजे सिनेमातला नव्हे, हे त्याला कळलं आहे का, तेही.

## टप्पा ८ : दुसऱ्या दिवशीची कामं

फोटो टाकण्याआधी सत्कारमूर्तींना दाखवा. सेवेत असलेला मुलगा किंवा मुलगी फोटोत असेल तर त्यांच्या युनिटचं नाव आणि पोस्टिंगची जागा मजकुरात नको. त्यांनी सांगितलं तर फोटोही नको.

वर्तमानपत्राला बातमी देताना सही केलेला नमुनाच जोडा. बातमीदार 'जवानांचा सत्कार' असा मथळा देतात आणि आत सगळ्यांना 'कारगिल योद्धे' करून टाकतात.

उसने आणलेले जुने फोटो आणि पदकांची पेटी त्याच दिवशी घरी पोहोचवा, कोणी नेली आणि कोणाच्या हातात दिली ते लिहून ठेवा. आमच्याकडे एक गणवेशातला कृष्णधवल फोटो कार्यालयाच्या कपाटात सात महिने पडून होता. तो मागायला त्यांच्या सूनबाई आल्या, तोवर ते गेले होते.

भरलेले नमुने सचिवांच्या घरी नव्हे, क्लबच्या कपाटात कुलपात ठेवा. सचिव दर वर्षी बदलतो आणि पुढचा सचिव पुन्हा पहिल्यापासून विचारत सुटतो. सभासदत्वाच्या अर्जात 'सैन्यदलात सेवा केली आहे का?' अशी एक ओळ आत्ताच वाढवून घ्या.